पुढची वाट न विचारता चाललेला मुसाफिर

परवा इफ्तारला आमच्या महाविद्यालयातली चार-पाच मुले घरी आली होती. खजूर, टरबुजाच्या फोडी, भजी, रूह अफजा असा नेहमीचा दस्तरखान. मगरिबची नमाज झाली, चहा आला आणि बोलता बोलता एक मुलगा गप्प झाला. पदवी होऊन त्याला दोन वर्षे झाली आहेत. भरतीचे अर्ज भरतो, कधी परीक्षा पुढे जाते, कधी निकाल अडकतो. वडिलांचे वय झाले आहे, बहिणीचे लग्न ठरायचे आहे. त्याने मला सरळच विचारले की, सर, तुम्ही तवक्कुल, तवक्कुल म्हणता. पण पुढे काय होणार हे कळतच नसेल, तर भरवसा ठेवायचा म्हणजे नेमके करायचे काय? हात बांधून बसायचे का?

तवक्कुल म्हणजे आपला मामला अल्लाहवर सोपवणे. हात बांधून बसणे मात्र त्यात येत नाही. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू का, असे विचारणाऱ्याला पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी आधी उंट बांध आणि मग भरवसा ठेव, असे सांगितल्याची हदीस आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. हजरत हाजरांची गोष्टही तशीच. ओसाड खोऱ्यात तान्हे बाळ, पाण्याचा थेंब नाही, आणि ती माऊली सफा आणि मरवा या टेकड्यांमध्ये सात वेळा धावते. पाणी शेवटी निघाले ते टेकडीवर नाही, बाळाच्या पायाशी. पण धावणे तिने सोडले नव्हते.

हे मी त्याला सांगितले. त्याने मान हलवली, पण त्याचे समाधान झाले नसावे. त्या बुजुर्गांची गोष्ट वेगळी, आपण साधी माणसे, असे मुलांना वाटते. म्हणून मग मी त्याला आपल्याच गावाजवळच्या एका माणसाची गोष्ट सांगायला लागलो. तरावीहची वेळ झाली आणि ती अर्धी राहिली. आज या पानावर ती पुरी करतो.

हा माणूस खानदेशचा नव्हे, पण त्याच्या आयुष्यातला एक मोठा तुकडा धुळ्याचा आहे. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली सविनय कायदेभंगाचे कैदी भरलेले होते. जमनालाल बजाज होते, गुलझारीलाल नंदा होते, अण्णासाहेब दास्ताने होते. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात मास्तरकी केलेले साने गुरुजी होते. आणि छत्तिशीतले विनोबा भावे होते. सोबतच्या कैद्यांनी विनोबांना गीतेवर बोलायची गळ घातली. २१ फेब्रुवारीच्या रविवारी पहिले प्रवचन झाले आणि मग दर रविवारी एक अध्याय. १९ जूनला अठरावा. साने गुरुजींना लघुलेखन येत नव्हते. साध्या लेखणीने, बोलणाऱ्याच्या वेगाने, त्यांनी ते सारे उतरवून घेतले. त्यातूनच ‘गीता प्रवचने’ झाले. आज देशातल्या किती तरी भाषांत ते पुस्तक वाचले जाते. बोलणाऱ्याला पुस्तक करायचे नव्हते आणि लिहिणाऱ्यालाही ते कुठवर जाईल याची कल्पना असण्याचे कारण नव्हते. दोघेही शिक्षा भोगत होते, एवढेच.

मी धुळ्यात वाढलो. वडील यंत्रमागावर काम करायचे. त्या तुरुंगाच्या बाजूने शेकडो वेळा गेलो असेन. पण आत कधी काळी काय बोलले गेले, हे मला एम.ए.ला मराठी साहित्य घेतले तेव्हा कळले. आपल्या गावाची अशी किती गोष्टींशी चुकामूक होते!

विनायक नरहर भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ चा, पेण तालुक्यातल्या गागोदे गावचा. वडील नोकरीनिमित्त बडोद्याला. घरी आई रुक्मिणीबाई. ती फार शिकलेली नव्हती, पण भजनात रंगलेली. तिला गीता समजून घ्यायची होती आणि संस्कृत येत नव्हते. बाजारात मिळालेली मराठी गीताही तिला जड गेली. तेव्हा मुलालाच म्हणाली की, तूच का नाही करत सोपी? विनोबांनी ते केले खरे, पण आई गेल्यानंतर बारा वर्षांनी. ‘गीताई’ १९३०-३१ मध्ये लिहून झाली आणि १९३२ मध्ये पुस्तकरूपाने आली. मागणारी माऊली ते पाहायला नव्हती.

शाळेत हुशार मुलगा, गणितात विशेष. हे गणित लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम आहे. पण पदवी, नोकरी, संसार या वाटेवर त्याचे मन नव्हते. एक दिवस चुलीपुढे बसून त्याने आपली प्रमाणपत्रे एक एक करून जाळली. आईने विचारले, हे काय? तर यांची आता गरज लागणार नाही, असे उत्तर. मुलांनो, हे तुम्ही करू नका, असे मी वर्गात आवर्जून सांगतो. आपल्याकडच्या बापाने एकेका प्रमाणपत्रासाठी काय विकलेले असते, ते मला माहीत आहे.

मार्च १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी तो मुंबईच्या गाडीत बसला आणि सुरतेला उतरून काशीकडे वळला. वडिलांना चिठ्ठी लिहून कळवले की, परीक्षेला जात नाही, पण गैर काही करणार नाही याचा विश्वास असू द्या. मनात दोन ओढी होत्या, एक हिमालयाची आणि एक बंगालची. म्हणजे एकीकडे ब्रह्मविद्या आणि दुसरीकडे क्रांतिकारकांची वाट. दोन्हींतले काहीच झाले नाही. काशीत अन्नछत्रात जेवायचे, ग्रंथ वाचायचे, असे चालले असताना गांधीजींच्या एका भाषणाची चर्चा कानावर आली. ते भाषण काही दिवसांपूर्वीच तिथल्या हिंदू विश्वविद्यालयात झाले होते. विनोबांनी गांधीजींना पत्र लिहून शंका विचारल्या. उत्तर आले, पुन्हा शंका विचारल्या, आणि मग गांधीजींनी कळवले की या गोष्टी पत्राने सुटत नाहीत, इकडे या. ७ जून १९१६ रोजी विनोबा अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात पोहोचले. तिथे गांधीजी भाजी चिरत बसले होते आणि त्यांनी नव्या पाहुण्याच्या हातीही सुरी दिली, असे सांगतात.

हिमालयाला निघालेला माणूस भाजी चिरू लागला. आणि त्याला वाटले की हिमालयातली शांती आणि बंगालातली क्रांती दोन्ही इथेच सापडली. निघताना ठरवलेला एकही मुक्काम गाठला नाही, तरी मंझिल मिळाली म्हणतात ती अशी.

पुढची पस्तीस वर्षे थोडक्यात सांगतो, कारण विनोबांनी ती जवळपास लपूनच काढली. वर्षाची रजा घेऊन वाईला नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे शिकायला गेले आणि वर्ष भरले त्याच दिवशी आश्रमात परत हजर झाले. १९१८ मध्ये आई वारली. अंत्यविधी पुरोहिताच्या हातून व्हावा, असे वडिलांचे म्हणणे. विनोबांना ते पटले नाही, म्हणून ते स्मशानात गेले नाहीत आणि घरीच ग्रंथ वाचत बसले. १९२१ मध्ये गांधीजींनी वर्ध्याला जा म्हटले, तर वर्ध्याला गेले. सूत कातणे, विणणे, संडास साफ करणे, शिकवणे. एका टकळीवर दिवसाकाठी किती सूत निघते आणि त्या मजुरीत माणूस जगू शकतो का, याचा हिशेब स्वतःच्या पोटावर करून पाहिला. १९३८ पर्यंत प्रकृती इतकी ढासळली की गांधीजींनी काळजीने बोलावून घेतले. हवापालटासाठी कुठे दूर न जाता विनोबा वर्ध्याजवळच्या पवनारला गेले. धाम नदीचा पूल ओलांडताना त्यांनी मनातल्या मनात तीनदा म्हटले की, सारे सोडले. आश्रम सोडला, काम सोडले, चिंता सोडली. मग रोज थोडे थोडे खणायला सुरुवात केली, आधी काही मिनिटे, मग वाढवत वाढवत. प्रकृती सुधारली. चिंता सोडली, पण कुदळ हातात घेतली, हा बारकावा त्या परवाच्या मुलासाठी मुद्दाम लिहितो आहे.

१७ ऑक्टोबर १९४० ला वैयक्तिक सत्याग्रह सुरू झाला आणि गांधीजींनी पहिला सत्याग्रही म्हणून विनोबांचे नाव जाहीर केले, तेव्हा देशातले लोक एकमेकांना विचारू लागले की हे कोण बुवा?

याच काळातली एक गोष्ट आमच्या घराला जवळची आहे. विनोबांनी कुरआन आधी भाषांतरातून वाचले. त्याने भागेना, तेव्हा वयाच्या चाळिशीत अरबी शिकायला घेतली. ज्याने चाळिशीत नवी लिपी शिकायचा प्रयत्न केला असेल त्याला यातली मेहनत कळेल. त्यांची नजर आधीच कमजोर. तरी एक एक आयत मूळ अरबीतून घोटून घोटून वाचली. उच्चार नीट यावेत म्हणून रेडिओवर लागणारे कुरआन-पठण कान देऊन ऐकायचे. मौलाना आझाद वर्ध्याला आले असताना त्यांनी विनोबांचे पठण ऐकले आणि ते थक्क झाले, ही आठवण अनेकांनी नोंदवली आहे. हे सारे कशासाठी? समोर कुठली योजना नव्हती. शेजाऱ्याचा ग्रंथ शेजाऱ्याच्या भाषेत वाचावा, इतकेच. त्या वाचनातून निवडलेल्या आयतींचे पुस्तक १९६२ मध्ये ‘रूहुल कुरआन’ म्हणून आले. ते ‘कुराण-सार’ या नावानेही ओळखले जाते. माझी प्रत वडिलांनी रद्दीच्या गाडीवरून आणलेली आहे. मागमालकाच्या हिशेबाच्या वह्यांबरोबर ती ढिगात पडली होती. मुखपृष्ठ फाटलेले; वडिलांनी त्याला यंत्रमागाच्या कोऱ्या कापडाचे वेष्टण चढवले. त्यांना निवड सगळीच पटली होती असे नाही. अल्लाहच्या कलामातून निवड कशी करायची, असा त्यांचा साधा सवाल होता. तरी ते पुस्तक त्यांनी कुरआनशरीफच्याच कपाटात, एक खण खाली ठेवले.

गांधीजी गेले आणि विनोबांना लोकांनी पुढे ओढले. दिल्लीत निर्वासितांमध्ये, मेवातच्या उठवल्या गेलेल्या मेव मुसलमानांमध्ये त्यांनी काम केले. पुन्हा पवनारला येऊन शेती आणि रहाट. पैशाशिवाय जगता येते का, याचा प्रयोग चालला होता. एप्रिल १९५१ मध्ये हैदराबादजवळ शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलन ठरले. विनोबांना जायचे नव्हते. फारच आग्रह झाला तेव्हा जायचे ठरले, पण गाडीने नाही, पायी. सुमारे तीनशे मैल. संमेलन झाले आणि परत फिरायचे तर त्यांनी तेलंगणाची वाट धरली. तिथे जमिनीवरून रक्त सांडत होते. दिवसा पोलीस आणि रात्री बंडखोर, अशी गावांची अवस्था. तिथे जाऊन करायचे काय, हे विनोबांच्या मनात ठरलेले नव्हते. जाऊन पाहू, लोकांशी बोलू, इतकीच नियत.

१८ एप्रिल १९५१. नलगोंडा जिल्ह्यातले पोचमपल्ली. सकाळी विनोबा दलितवस्तीत गेले. तिथली चाळीसेक कुटुंबे भूमिहीन. त्यांना विचारले, काय हवे? ते म्हणाले, जमीन. किती? हिशेब करून सांगितले की ऐंशी एकर. निम्मी भिजवणीची, निम्मी कोरडवाहू. विनोबांना आधी सुचले ते तुम्हा-आम्हाला सुचेल तेच, की अर्ज लिहून द्या, सरकारकडे पाठवू. मग सहज, तिथे जमलेल्या गावकऱ्यांकडे वळून विचारले की सरकारची वाट न पाहता तुमच्यातले कोणी काही देऊ शकेल का? रामचंद्र रेड्डी नावाचे जमीनदार उभे राहिले आणि म्हणाले, मी शंभर एकर देतो.

ऐंशी मागितले होते, शंभर मिळाले.

त्या रात्री विनोबांना नीट झोप लागली नाही. त्यांनी पुढे अनेकदा या रात्रीबद्दल सांगितले आहे. दान मिळाल्याच्या आनंदाने झोप उडाली होती असे कोणाला वाटेल, पण ती उडवली होती गणिताने. देशातल्या साऱ्या भूमिहीनांना पुरेल इतकी जमीन हवी तर किती? हिशेब आला पाच कोटी एकर. आणि एका गावात, एका माणसाने, एका सकाळी दिलेले होते शंभर. मागत फिरलो तर पाच कोटी कोण देणार? हे वेड नाही का? गणित नाही म्हणत होते. पण दुसऱ्या बाजूने मन म्हणत होते की हे जे आज घडले, ते मी ठरवून घडवले नव्हते. इशारा देणारा दुसरा आहे. आता भिऊन मागे फिरलो तर अहिंसेवरचा, आणि ज्याच्या भरवशावर आजवर चाललो त्याच्यावरचा विश्वासच खोटा ठरेल. लेकराला भूक देणाऱ्याने आईच्या अंगी दूधही आधीच ठेवलेले असते. तो अर्धे काम करून थांबत नाही. असे काहीसे त्यांनी स्वतःला समजावले. सकाळी पुढच्या गावी गेले आणि मागायला सुरुवात केली.

एक गोष्ट माझ्या मनात नेहमी येते. त्या रात्री त्यांना नकाशा दिला गेला नाही. पाच कोटींचे उत्तरही मिळाले नाही. मिळाले ते उद्याच्या एका गावाचे नाव. जितके दिसले तितके ते चालले. तेलंगणात एक्कावन्न दिवसांत बारा हजार एकरांवर जमीन मिळाली. मग उत्तर प्रदेश, बिहार, बंगाल, ओरिसा, आंध्र, तामिळनाडू, केरळ, महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान, काश्मीर, आसाम असे करत तेरा वर्षे पायी. पहाटे तीनला उठायचे आणि चारच्या सुमारास कंदिलाच्या उजेडात वाट धरायची. आपल्याकडे या दिवसांत पहाटे तीनला घराघरात भांड्यांचा आवाज होतो, चुलीवर तवा चढतो. तो आवाज ऐकला की मला त्या कंदिलाची आठवण होते. रमजान महिन्यापुरती आपली जी वेळ आहे ती या माणसाची तेरा वर्षे होती.

सारे सुरळीत झाले नाही. डिसेंबर १९५२ मध्ये बिहारमध्ये चांडिलला त्यांना घातक मलेरिया झाला. त्यांनी औषध नाकारले. ज्याने पाठवले तो ठेवील किंवा नेईल, अशी त्यांची भूमिका. मंत्री, कार्यकर्ते, डॉक्टर, सगळे हवालदिल. शेवटी लोकांच्या आग्रहापुढे ते नमले, औषध घेतले आणि बरे झाले. मला यातला शेवट जास्त आवडतो. औषध पाठवणाराही तोच असू शकतो, हे मान्य करायला मोठे मन लागते. पुढच्या वर्षी वैद्यनाथधामच्या मंदिरात दलित बांधवांना घेऊन दर्शनाला गेले तर तिथल्या पंड्यांनी मारले. तो मार कानावर बसला आणि एका कानाने ऐकू येणे गेले. त्यांनी मारणाऱ्यांवर कारवाई नको म्हटले. १९६० मध्ये चंबळच्या खोऱ्यात वीस डाकूंनी त्यांच्यापुढे शस्त्रे टाकली. सप्टेंबर १९६२ मध्ये ते तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात शिरले. ‘रूहुल कुरआन’ प्रसिद्ध होण्याआधीच तिकडच्या वर्तमानपत्रांतून टीका झालेली होती. तरी तिथल्या मुसलमान शेतकऱ्यांनीही आपल्या जमिनीतून भूमिहीनांसाठी तुकडा काढून दिला. चाळिशीत घोटलेले अरबी तिथे असे कामी आले, वीस-बावीस वर्षांनी.

आता हिशेबाकडे येतो, कारण वाचकांपैकी काही जण एव्हाना तोच विचारत असतील. आमच्या खानदेशी माणसाला हिशेब लागतो. पाच कोटींपैकी किती मिळाले? चाळीस लाख एकरांच्या वर. म्हणजे दहावा हिस्साही नाही. त्यातली बरीचशी जमीन खडकाळ, वादातली, नदीच्या पोटातली किंवा कागदावरचीच निघाली. वाटप झाली ती याहून कमी. जगाच्या इतिहासात नुसते मागून इतकी जमीन कोणी मिळवली नाही, हे खरे. आणि भूमिहीनांचा प्रश्न सुटला नाही, हेही तितकेच खरे. १९५६ च्या अखेरीस, चळवळ भरात असताना, विनोबांनी गांधी स्मारक निधीची मदत बंद करायला लावली आणि जिल्ह्याजिल्ह्यांतल्या भूदान समित्या विसर्जित केल्या. पैशाचा आणि यंत्रणेचा आधार नको, लोक आणि ईश्वर बघून घेतील, हा विचार. त्यानंतर काम मंदावले. अनेक अभ्यासकांना ही त्यांची चूक वाटते आणि मलाही वाटते. जमीन मिळवायला भरवसा पुरला. ती मोजायला, नावावर करायला, सातबाऱ्यावर चढवायला तलाठी लागतो, कारकून लागतो, पाठपुरावा लागतो. उंटाचा दोर तो हाच. विनोबांनी चालण्यात तो कधी सोडला नाही, कागदात मात्र सोडला, असे माझे मत. कोणाला वेगळे वाटत असेल तर त्यांनी जरूर कळवावे.

आणीबाणी आली तेव्हा विनोबांचे वर्षाचे मौन चालू होते. त्या काळात त्यांच्याकडून लिहून दाखवल्या गेलेल्या ‘अनुशासन पर्व’ या दोन शब्दांनी सरकारला ढाल मिळाली आणि त्यांच्या चाहत्यांच्या मनाला जखम झाली. त्यांचेच जुने साथी जयप्रकाश नारायण तेव्हा तुरुंगात होते. आपला अर्थ आचार्यांच्या शिस्तीचा होता, सरकारच्या नव्हे, असे त्यांनी मौन सुटल्यावर स्पष्ट केले आणि पवनारला आचार्यांचे संमेलनही भरवले. पण शब्द एकदा सुटला की परत येत नाही. मौनातला तर मुळीच नाही.

नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला त्यांना हृदयविकाराचा त्रास झाला. प्रकृतीला जरा उतार पडत असताना त्यांनी अन्न, पाणी आणि औषध घेणे थांबवले. पंतप्रधानांपासून सगळ्यांनी विनवले. चांडिलला ते विनंतीपुढे नमले होते, या वेळी नमले नाहीत. १५ नोव्हेंबर १९८२, दिवाळीच्या दिवशी, ते गेले. त्यांच्या परंपरेत याला प्रायोपवेशन म्हणतात आणि देह ईश्वराला परत करण्याचा तो एक मार्ग मानला जातो. इथे माझी वाट त्यांच्यापासून वेगळी होते, आणि हे मोकळेपणाने लिहिले पाहिजे. आमच्या दीनमध्ये जान ही अमानत आहे. ती कधी परत करायची हे ठेवणाऱ्याच्या हाती. रोजा आम्ही सूर्यास्ताला सोडतो. खजूर उशिरा न करता तोंडात घालणे हाही हुकूम पाळण्याचाच भाग. एकाच मालिकावर भरवसा ठेवणारी दोन माणसे शेवटच्या वळणावर वेगवेगळ्या बाजूंना वळू शकतात. त्यांचा आदर करायला मला यामुळे अडचण येत नाही.

त्या मुलाला रविवारी ही उरलेली गोष्ट सांगितली. त्याने सारे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले की, सर, त्या पहिल्या शंभर एकरांचे काय झाले? मला प्रश्न आवडला. ती जमीन भूमिहीनांसाठी होती आणि गावाने पुढे आपल्या नावाआधी त्या दिवसाची खूण लावून घेतली. नकाशावर ते आज भूदान पोचमपल्ली आहे. लोक मात्र त्याला ओळखतात ते इकतच्या कापडासाठी. सूत आधी गाठी मारून रंगवायचे आणि मग विणायचे, अशी ती कारागिरी. विणकराने सूत रंगवतानाच नक्षी मनात धरलेली असते. पण मागावर चढेपर्यंत ती बाकी कोणाला दिसत नाही. नुसते डागाळलेले धागे दिसतात. वडील असते तर त्यांना हे मी नीट विचारून घेतले असते.

ईदसाठी घरात कपड्यांची खरेदी चालू आहे. काल बायकोने फुले मार्केटमधून आणलेली एक साडी उलगडून दाखवली. दुकानदाराने तिला पोचमपल्ली म्हणून दिली होती. अस्सल आहे की छापील, यावरून आमचा अजून वाद चालला आहे.